समुद्रगाय, गोगलगाय आणि चुडामण नानांची चंद्री

रिद्धी छाजेडचा आवाज मुळातच लहान. चाळीसगावात तिच्या वडिलांचं भांड्यांचं दुकान आहे. घागरी, पातेली आणि स्टीलच्या डब्यांच्या खणखणाटात वाढलेल्या मुलीचा आवाज खरं तर खणखणीत व्हायला हवा होता. पण घरात आजीपासून धाकट्या श्रेयांसपर्यंत सगळेच मोठ्यानं बोलणारे. त्यामुळे हिच्या वाट्याला ऐकायचंच काम आलं. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करून ती धुळ्यात देवपूरच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "मॅडम, व्हॉल्यूम!" वर्ग हसला. रिद्धीही हसली, पण त्या दिवसापासून ती वर्गाकडे कमी आणि फळ्याकडे जास्त बघून शिकवायला लागली.

ज्या घराच्या उंबऱ्याआत मासळी कधी आली नाही, त्या घरातली ही मुलगी समुद्रातल्या प्राण्यांच्या नादी लागली होती. त्याला कारण झाली एम.एस्सी.ची सहल. कच्छच्या आखातात ओहोटीच्या वेळी घोटाभर पाण्यातून चालताना तिला अंगठ्याएवढी एक समुद्री गोगलगाय दिसली. पाठीवर शंख नाही, अंगाला निळी किनार, डोक्यावर दोन नाजूक शिंगं. बाकीची मुलं फोटो काढून पुढे गेली आणि रिद्धी भरतीचं पाणी पोटऱ्यांना लागेपर्यंत तिथंच वाकून उभी राहिली. त्याच आखातात समुद्रगाय राहते, असं तिथल्या वाटाड्यानं सांगितलं. ती काही दिसली नाही. पण परत आल्यावर रिद्धीनं या दोघींची तुलना हा सेमिनारचा विषय घेतला, रात्रीचा दिवस करून तयार केला, आणि बारा मुलं व दोन प्राध्यापकांसमोर फळ्याकडे बघत वाचून दाखवला. त्यानंतर तो लॅपटॉपमध्ये पडून होता.

डिसेंबरात कॉलेजचं राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं शिबिर साक्री रस्त्यावरच्या आमखेडी गावात लागलं. सकाळी श्रमदान, दुपारी एका पाहुण्याचं व्याख्यान. शिबिराचे प्रमुख जितेंद्र सर अर्थशास्त्र शिकवायचे आणि एकाच वेळी चार कामं अंगावर घ्यायचे. चौथ्या दिवशी दुपारी त्यांचा रिद्धीला फोन आला.

"मॅडम, उद्या योगासनांचे सर येणार होते. त्यांची पाठ धरलीय. बिछान्यातून उठता येत नाहीये. तुम्ही या. अर्धा तास बोला, कशावरही."

"सर, मी? गावासमोर?"

"गाव म्हणजे काय हो, आपलीच मुलं आणि दहा-पंधरा म्हातारे. विषय सांगा."

रिद्धीजवळ तयार असा एकच विषय होता. तिनं तो सांगितला. म्हणजे समुद्रातला एक सस्तन प्राणी आणि बिनशंखाची एक गोगलगाय, यांची तुलना. मराठीत समुद्रगाय आणि गोगलगाय.

"वा!" जितेंद्र सर म्हणाले. "दोन्हीकडे गाय आहे. गावाला आवडेल."

त्यांनी लगेच आमखेडी ग्रामपंचायतीचा शिपाई गिरधर याला मोबाइलवर निरोप पाठवला: 'उद्या दुपारी चार. विषय: समुद्र गाय व गोगलगाय. वक्त्या: प्रा. रिद्धी छाजेड.'

गिरधर हा काम मनावर घेणारा माणूस. त्यानं निरोप दोनदा वाचला. आमखेडीपासून समुद्र कुठल्या कुठे. व्याख्यानात तो कशाला येईल? सरांच्या मोबाइलनं आपल्या मनानं शब्द बदलला असणार, असं त्यानं ठरवलं आणि 'समुद्र गाय'ची 'समृद्ध गाय' केली. मग पंचायतीच्या भोंग्यावरून त्यानं गावाला अहिराणीत कळवलं,

"आयका हो आयका! उद्या दुपारले चार वाजता मारोतीना मंदिरमा कार्यक्रम शे. धुयाथीन गाईसन्या मोठ्या डॉक्टरबाई येई राहिन्यात. गाय समृद्ध कशी करानी आनि गोगलगायना बंदोबस्त कसा करना, बठ्ठं सांगतीन. ज्यासनी गाय आजारी शे, त्यासनी गाय लई या!"

दुसऱ्या दिवशी साडेतीनला रिद्धी एस.टी.तून फाट्यावर उतरली. जितेंद्र सर मोटारसायकल घेऊन उभे होते. त्यांचा चेहरा जरा पडलेला होता.

"मॅडम, गर्दी थोडी जास्त आहे," ते म्हणाले.

मंदिराजवळ पोचल्यावर रिद्धीला कळलं की थोडी म्हणजे किती. सभामंडप भरून माणसं पायऱ्यांवर आली होती. एका बाजूला बाया, एका बाजूला पुरुष, मध्ये शिबिराची मुलं दाटीवाटीनं. पुढच्या रांगेत साठीच्या एक बाई मांडीवर प्लॅस्टिकचा डबा घट्ट धरून बसल्या होत्या. आणि मंडपाबाहेरच्या निंबाला एक गाय बांधली होती. पांढरी, गावरान, कपाळावर तपकिरी टिकला. तिच्याजवळ पांढरी टोपी घातलेले एक उंच म्हातारे उभे होते. रिद्धीला बघताच ते पुढे आले आणि त्यांनी दोन्ही हात जोडले.

"डॉक्टरबाई, मी चुडामण. हाई मनी चंद्री. तीन डाव डॉक्टरले दखाडी, तरी गाभन ऱ्हायनी नही. वावरथीन दोन कोस चालत लई उनू."

रिद्धीनं जितेंद्र सरांकडे पाहिलं. सरांनी गिरधरकडे पाहिलं. गिरधर अभिमानानं म्हणाला, "सर, तुमच्या निरोपात चूक होती. मी दुरुस्त केली."

दोन मिनिटांत सगळा उलगडा झाला. जितेंद्र सरांनी रिद्धीला देवळामागे नेलं आणि हळूच म्हणाले, "आता असं करा, सुरुवातीला गायीच्या आहाराबद्दल दोन गोष्टी सांगा. हिरवा चारा, स्वच्छ पाणी. कोण नाही म्हणणार? मग हळूच आपल्या विषयावर या."

रिद्धीनं आयुष्यात गायीला हातसुद्धा लावला नव्हता. लांबून नमस्कार तेवढा केला होता. त्या उंच म्हाताऱ्याला आपण हिरवा चारा सांगायचा? दोन कोस चालत आलेल्या माणसाला? पळून जावं म्हटलं तर पुढची एस.टी. साडेपाचला होती.

"नको सर," ती म्हणाली. "खरं काय ते सांगते."

ती मंडपात उभी राहिली. लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडला, पडद्यावर समुद्राचा निळा रंग आला, आणि त्याच क्षणी वीज गेली. गावात त्या आठवड्यात भारनियमनाची दुपारची पाळी होती. माइक मुका झाला, पंखे थांबले.

"मी गुरांची डॉक्टर नाही," रिद्धी म्हणाली.

"बाई, काय आयकू नही येई राहिनं!" मागून कुणीतरी ओरडलं.

सवयीनं ती फळ्याकडे वळली. मागे फळा नव्हता, शेंदूर लावलेला मारुती होता. त्याच्याकडे बघून बोलण्यात अर्थ नव्हता. ती परत माणसांकडे वळली आणि होता नव्हता तेवढा श्वास घेऊन म्हणाली, "मी गुरांची डॉक्टर नाही! मी कॉलेजात शिकवते! निरोपात 'समुद्र' होतं, त्याचं 'समृद्ध' झालं! तुम्ही सगळे चुकून आलात आणि मी पण जवळजवळ चुकूनच आले!"

मग बायांच्या बाजूनं एक हसू फुटलं आणि बघता बघता सगळा मंडप हसायला लागला. गिरधर खांबाआड गेला. फक्त चुडामण नाना हसले नाहीत. ते मुकाट्यानं निंबाकडे गेले आणि चंद्रीचं दावं सोडायला लागले.

रिद्धीला ते बघवेना. ती मंडपाच्या पायऱ्या उतरून त्यांच्यामागे धावली.

"नाना, थांबा! जाऊ नका. मला तुमची गाय पाहिजे."

"कसाले?"

"वीज नाही, माझी चित्रं गेली. तुमची गाय असली तर मी समजावून सांगू शकेन. आणि चंद्रीसाठी खऱ्या डॉक्टरांना आणायचं मी सरांना सांगते. आत्ताच सांगते."

जितेंद्र सरांनी तिथल्या तिथे तालुक्याच्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना फोन लावला आणि शिबिराच्या शेवटच्या दिवशी यायचं कबूल करून घेतलं. चुडामण नानांनी थोडा वेळ दाव्याकडे, थोडा वेळ या घामाघूम पोरीकडे पाहिलं. मग दावं पुन्हा बांधलं.

"दखाड मंग," ते म्हणाले.

सगळं गाव मंडपातून उठून निंबाखाली आलं. बाया पारावर बसल्या, पोरं भिंतीवर चढली. डबेवाल्या बाई सगळ्यांत पुढे आल्या. त्यांचं नाव भिकुबाई. त्यांनी डबा उघडून रिद्धीच्या नाकासमोर धरला. आत लिंबाएवढे पाच तपकिरी शंख होते, तोंडावर पांढरी पापडी धरलेले.

"या दखा मना दुश्मन," भिकुबाई म्हणाल्या. "पावसायामा कपाशीना बठ्ठा कोंब खाई गयात. आते लाकडंसना खाले सापडनात. मरेल शेत का जित्या?"

"जिवंत आहेत," रिद्धी म्हणाली. "झोपल्यात. घरातून परात मिळेल का? आणि थोडं पाणी?"

परात आली. रिद्धीनं शंख तिच्यात ठेवले, वरून पाणी शिंपडलं आणि परात पारावर ठेवून दिली. मग ती चंद्रीजवळ जाऊन उभी राहिली.

"ही श्वास कुठून घेते?"

"नाकथीन!" पोरं ओरडली.

"समुद्रगाय पण नाकानंच घेते. मासा पाण्यातल्या पाण्यात श्वास घेतो. हिला ते जमत नाही. खाली गवत खाते आणि दर पाच-सहा मिनिटांनी श्वासासाठी वर येते. फक्त नाकपुड्या अशा समोर नसतात. थोबाडाच्या वरच्या बाजूला असतात, आणि त्यांना झाकण असतं. बुडी मारली की बंद."

दाखवण्यासाठी तिनं चंद्रीच्या नाकाजवळ हात नेला. चंद्रीनं गरम फुत्कार सोडला. रिद्धी दोन पावलं मागे उडाली आणि गाव पुन्हा हसलं. चुडामण नानांनी तिचा हात मनगटाला धरला आणि चंद्रीच्या मानेखालच्या पोळीवर ठेवला.

"आठे खाजवा. मंग काही करत नही."

रिद्धीनं खाजवलं. चंद्रीनं डोळे अर्धे मिटले. त्या मऊ, गरम कातडीवर हात ठेवूनच रिद्धी पुढचं बोलली, आणि आपण ओरडून बोलतोय हे तिच्या लक्षातही आलं नाही.

"समुद्रगाय काय खाते? समुद्राच्या तळाशी गवत उगवतं, तेच. दिवसाला तीस-चाळीस किलो. मुळासकट उपटते. ती चरून गेली की तळाशी लांब चर पडतात, नांगर धरल्यासारखे."

"म्हनजे वखरनी पाळी बी देस!" कुणीतरी म्हणालं.

"आनि दूध?" भिकुबाईंनी विचारलं. "कास कोठे ऱ्हास?"

"बगलेत."

बायांमध्ये खसखस पिकली. एकीनं पदर तोंडाला लावला.

"म्हनजे बाईसारखी," भिकुबाई गंभीरपणे म्हणाल्या.

"अगदी. पिलाला दीड वर्ष पाजते. पिल्लू तिच्या पाठीशी पाठीशी पोहतं. एका वेळी एकच होतं, आणि ते सुद्धा तीन-चार वर्षांनी. कधी सहा-सात वर्षांनी."

चुडामण नानांनी मान वर केली. "सात वरीस?" त्यांनी चंद्रीकडे पाहिलं. "आनि मी हाई बिचारीले एक वरीसमा बोल लाई राहिनू!"

आता मात्र ते स्वतःच हसले, आणि एकदा सुरू झाल्यावर बराच वेळ हसले.

"मागचे पाय?" रिद्धीनं चंद्रीच्या मागच्या मांडीकडे बोट केलं, पण हात लावला नाही. "समुद्रगायीला नाहीत. तिथं शेपटी आहे, माशासारखी, पण आडवी. पण पूर्वी होते. कोट्यवधी वर्षांपूर्वी तिचे वाडवडील जमिनीवर चार पायांनी चालायचे. हळूहळू पाण्यात उतरले, तिथंच राहिले, आणि पिढ्यान्‌पिढ्या पाय लहान होत होत गेले. आजही तिच्या अंगात कमरेची दोन छोटी हाडं सापडतात. आणि नावाला गाय, पण नात्यानं ती हत्तीची."

"आनि हाई?" भिकुबाईंनी परातीकडे बोट दाखवलं. "हाई कोननी?"

"ही शिंपल्याची, माकुळाची नातेवाईक. हिला हाड एक नाही. समुद्रातली हिची बहीण आहे, तिची गंमत आणखी वेगळी. अंड्यातून निघते तेव्हा तिच्या पाठीवर शंख असतो. मोठी झाली की टाकून देते."

"घर टाकी देस?"

"घर टाकून उघड्यावर राहते. कुणी खायला आलं तर काही जणी जांभळी शाई सोडतात, काहींचं अंगच विषारी असतं. नर-मादी असा भेद नाही. प्रत्येक जण दोन्ही. अंडी घालते ती हजारांनी, लांब फितीसारखी. आयुष्य मात्र वर्षभराचं. समुद्रगाय सत्तर वर्षांपर्यंत जगते."

"माणूसइतकी," एक म्हातारे म्हणाले.

"आणि यातल्या काही हिरव्या असतात," रिद्धी म्हणाली. इथं तिचा आवाज नकळत खाली आला, पण आता सगळे इतके जवळ सरकले होते की सगळ्यांना ऐकू गेलं. "त्या शेवाळ खातात. शेवाळातला हिरवा भाग पचवत नाहीत, तसाच आपल्या अंगात साठवून ठेवतात. मग झाडाच्या पानासारख्या उन्हात पसरतात. त्या हिरव्या भागामुळे उन्हावर काही दिवस, काही तर महिनोन्‌महिने, खाल्ल्याशिवाय काढतात."

मग भिकुबाईंनी कपाळाला हात लावला.

"व माय! चूल नही, भाकर नही, भांडं नही. उनमा बसनं आनि पोट भरनं!" त्या बायांकडे वळल्या. "बायासवन, कोनले व्हनं शे हाई गोगलगाय?"

पारावरचे सगळे हात वर गेले. शिबिरातल्या मुलींचेही गेले. पुरुषांनी मग हट्टानं समुद्रगायीच्या बाजूनं हात वर केले. गिरधर खांबाआडून आला आणि त्यानं मोजणी केली. बायांच्या बाजूनं बेचाळीस, पुरुषांच्या बाजूनं एकोणतीस. चुडामण नानांनी कुणाच्याच बाजूनं हात वर केला नव्हता.

"नाना, तुम्ही?"

"तू दखी का समुद्रगाय?" त्यांनी विचारलं. "तुना डोयासवरी?"

"नाही," रिद्धी म्हणाली. "फक्त कवटी पाहिली. ती फार कमी उरलीय, नाना. आपल्या देशात काही शेकडेच असतील. जाळ्यात अडकतात, होड्यांचा मार लागतो, आणि गवताची कुरणंच कमी होत चाललीत. त्यात पिल्लू इतक्या वर्षांनी एक."

नानांनी हळूहळू मान हलवली. त्यांच्या गावातलं गायरान कुणी कुणी कसं खाल्लं, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. ते एवढंच म्हणाले, "चराले जागा नही ते गाय कशी वाचई?"

तेवढ्यात भिंतीवरची पोरं ओरडली. परातीतल्या एका शंखाच्या तोंडची पापडी सुटली होती. आधी एक ओलसर काठ दिसला, मग अंग बाहेर आलं, मग एक शिंग, दुसरं शिंग, शिंगांच्या टोकांवर काळे ठिपके. गोगलगाय परातीच्या कडेवर चढली आणि निवांत इकडे तिकडे मान फिरवायला लागली. पाऊस आला म्हणून उठलेली ती बाई, डिसेंबरच्या कोरड्या उन्हात शंभर माणसांच्या मध्ये. ज्यांनी जन्मभर तिला पायाखाली चिरडलं होतं तीही माणसं गुडघ्यांवर हात ठेवून वाकून बघत होती.

"कितली देखनी शे व," भिकुबाई नाराजीनं म्हणाल्या. "मी हाईले मीठ टाकीसन मारस."

मग त्यांनी मुळातला प्रश्न विचारलाच: बंदोबस्त काय करायचा? रिद्धीनं माहीत होतं तेवढं सांगितलं. संध्याकाळी बांधावर ओली पोती टाकून ठेवायची, सकाळी त्यांच्याखाली जमलेल्या गोळा करायच्या. सगळ्या गावानं एकाच आठवड्यात करायचं, नाहीतर शेजारच्या वावरातून पुन्हा येतात.

"आनि गोया करीसन?"

रिद्धी घुटमळली. कृषी खात्याच्या पत्रकात पुढे मिठाच्या पाण्याचं लिहिलेलं होतं, ते तिला पाठ होतं. पण ते तोंडातून निघेना.

भिकुबाईंनी तिच्याकडे बघितलं. "तुमी छाजेड ना? जैन?"

"हो."

"ऱ्हाऊ द्या मंग. तुमी पोतं सांगं, बस. मिठनं मी दखसू." आणि त्यांनी रिद्धीच्या पाठीवर एक दणदणीत थाप मारली.

व्याख्यान अर्ध्या तासाचं होतं. साडेपाचची एस.टी. निघून गेली तरी निंबाखालून कुणी उठलं नव्हतं. शेवटी जितेंद्र सरांनी रिद्धीला मोटारसायकलवरून धुळ्याला सोडलं. वाटेत ती एक अक्षर बोलली नाही. बोलायला आवाजच उरला नव्हता. पुढचे दोन दिवस तिनं वर्गात खडूनं लिहून भागवलं, आणि मुलांना त्याचं नवल वाटलं नाही.

शिबिराच्या शेवटच्या दिवशी पशुवैद्यकीय अधिकारी खरंच आले. त्यांनी चंद्रीला तपासलं. अंगात क्षार कमी पडलेत, बाकी गाय ठणठणीत आहे, असं म्हणून त्यांनी क्षारमिश्रण लिहून दिलं. नाना नंतर जितेंद्र सरांना म्हणाले की खरे डॉक्टर चांगले होते, पण बोलायला काही तितके खास नाहीत.

फेब्रुवारीच्या एका मंगळवारी, धुळ्याच्या बाजाराच्या दिवशी, दुपारी प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेच्या दारात दोन माणसं उभी राहिली. पांढऱ्या टोपीतले चुडामण नाना आणि हातात भाजीची पिशवी घेतलेल्या भिकुबाई. आत दुसऱ्या वर्षाच्या मुलांचं प्रॅक्टिकल चाललं होतं.

"मॅडम, तठे गावमा तुमी म्हनत व्हत्यात, समुद्रनी गोगलगाय कॉलेजमा बाटलीमा शे," भिकुबाई म्हणाल्या. "बाजारले उनूत, म्हटलं दखी लेऊत. आनि चंद्री गाभन शे, हाई बी सांगनं व्हतं."

रिद्धीनं आनंदानं एवढ्या मोठ्यानं "काय सांगता!" म्हटलं की मुलांनी सूक्ष्मदर्शकांवरून माना वर केल्या. ती दोघांना कपाटाजवळ घेऊन गेली आणि फॉर्मॅलिनची बरणी काढून टेबलावर ठेवली. आत मुठीएवढा, पिवळट पडलेला एक गोळा होता.

"हाई?" नानांना वाईट वाटलं. "रंग कोठे गया?"

"औषधात रंग जातो, नाना. जिवंतपणी फार सुंदर असते."

मुलं भोवती जमली. त्यातल्या एकानं, बहुधा त्याच मागच्या बाकावरच्यानं, विचारलं, "आजी, तुम्हाला काय माहीत यातलं?"

भिकुबाईंनी भाजीची पिशवी खाली ठेवली, बरणीवर बोट ठेवलं आणि सुरुवात केली. हिला हाड नाही, समुद्रगायीला हाडं आहेत आणि जड आहेत. ही घर टाकून आली, ती पाय टाकून आली. हिचं आयुष्य वर्षाचं, तिचं माणसाएवढं. हिची अंडी हजारांनी, तिचं पिल्लू सात वर्षांनी एक, म्हणून ही टिकली आणि ती संपत चालली. हे सगळं अहिराणीत, न अडखळता, हातवारे करत. दोन-तीन मुलांनी वह्या काढल्या. एका मुलीनं भिकुबाईंना थोडं हळू बोलायची विनंती केली, लिहून घेता यावं म्हणून. रिद्धी मागच्या बाकावर जाऊन बसली आणि ऐकत राहिली. एकही चूक सापडली नाही.

बोलून झाल्यावर भिकुबाईंनी मान फिरवून तिला शोधलं.

"मॅडम, एक इचारनं ऱ्हाई गयं. ती हिरवी शे ना, उनवर जगनारी? चार महिना ढगंच ऱ्हायनात ते ती काय करस?"

रिद्धी उठून पुढे आली. तिनं डोकं खाजवलं, टेबलावरचं जाड पुस्तक जवळ ओढलं, पानं उलटली. सापडेना.

"भिकुबाई, हे मला माहीत नाही," ती सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "कुणाकुणाला हे माहीत आहे? कुणालाच नाही? मग बसा सगळे. आता शोधू."

नानांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि स्टूल पुढे ओढलं.